अकरावीचे ७१ टक्के

मॅडम, मी लातूरला बारावी सायन्सला आहे. दहावीला मला ९७.२० टक्के होते. अकरावीला ७१ पडले. मॅथ्स ८१, फिजिक्स ५८, केमिस्ट्री ५४. मी जेईईच्या क्लासला जाते, कॉलेज टाय-अपचं आहे, तिथं फक्त परीक्षेला जाते. सगळे म्हणायचे, अकरावी कोण बघतंय. त्यात दिवाळीनंतर आजीला अर्धांगवायूचा झटका आला. आई दोन महिने सोलापूरला दवाखान्यात तिच्याजवळ होती. घरचं, धाकट्या भावाचं मी बघत होते. मला अमेरिकेत एमआयटीला अर्ज करायचाय. माझं आजोळ औसा तालुक्यात आहे. तिथल्या अकरा विहिरींची पाणीपातळी मी दोन वर्षांपासून मोजते. त्यासाठी मी आणि मामानं सेन्सरचं एक यंत्र बनवलंय. पण एमआयटीला नववीपासूनचे मार्क द्यावे लागतात हे कळल्यापासून मला झोप लागत नाही. आई म्हणते, माझ्यामुळं झालं. बाबांच्या ओळखीचे एक जण म्हणाले, अकरावीचे मार्क कॉलेजच्याच हातात असतात, बोलून मार्कशीट नीट करून घेऊ. बाबा हो-नाही काहीच म्हणाले नाहीत. मी अर्ज करू का? आणि त्या ७१ चं काय करू?
– एक मुलगी, लातूर

प्रिय मुली,

अर्ज करायचा की नाही ते पुढे सांगते. आधी त्या मार्कशीटचं. बाबांना आज संध्याकाळीच सांग की हे करायचं नाही. ते हो म्हणाले नाहीत म्हणजे त्यांनाही ते पटलेलं नाही. पण लेकीचं नुकसान होईल या भीतीनं त्यांच्या तोंडून 'नको' निघत नाहीये. ते तू म्हटलंस की त्यांना सुटल्यासारखं वाटेल.

मी ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवलं. अकरावीचे मार्क कॉलेजच्या हातात असतात, हे त्या गृहस्थांचं म्हणणं खरं आहे. पेपर कॉलेज काढतं, कॉलेजच तपासतं, निकालपत्रकावर सह्या आमच्याच असतात. बोर्ड येतं ते बारावीला. म्हणूनच तिथं हात फिरवणं सोपं जातं. माझ्या नोकरीच्या मधल्या वर्षांत एक मुलगा परदेशी निघाला होता. हुशार, नम्र, पहिल्या बाकावर बसणारा. अकरावीला त्याला फिजिक्समध्ये ४९ होते. वरून निरोप आला, नवी मार्कशीट तयार झाली, ४९ चे ७९ झाले आणि विषयशिक्षक म्हणून त्याखाली मी सही केली. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. पुढे कुणी काही विचारलं नाही, काही उघडकीला आलं नाही. त्याला प्रवेश मिळाला, तो शिकला, चांगल्या नोकरीला लागला. बारा वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो समोर आला. मला बघून त्यानं नजर वळवली, आणि मीही ताटाकडे बघत राहिले. माझे विद्यार्थी रस्त्यात भेटले की गाडी थांबवून बोलतात. ज्याच्यासाठी सगळ्यांत जास्त केलं असं तेव्हा वाटलं होतं, त्या एकाशी मात्र मला दोन शब्द बोलता येत नाहीत. हे मी आज पहिल्यांदाच कुठे लिहिते आहे. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

पकडलं जाण्याची भीतीही खोटी नाही. प्रवेश मिळाला की कॉलेजकडून थेट अधिकृत निकाल मागवतात, आणि तफावत निघाली तर प्रवेश रद्द होतो. २००७ साली खुद्द एमआयटीच्या प्रवेश विभागाच्या डीन बाईंना राजीनामा द्यावा लागला. त्याच्या २८ वर्षं आधी तिथं नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या. त्या बाई कामात चांगल्या होत्या. प्रवेशाच्या चढाओढीत मुलांचा जीव घुसमटू नये म्हणून त्या जाहीरपणे बोलायच्या. मला त्यांच्याबद्दल वाईटच वाटतं. पण जिथं डीनचा २८ वर्षांपूर्वीचा कागद माफ झाला नाही, तिथं तुझा मागच्या वर्षीचा कसा होईल?

आता ७१ चं. त्यानं नुकसान होतं का? होतं. मार्कांना काही अर्थ नसतो असं सांगणारे तुला पुष्कळ भेटतील. मी तसं सांगणार नाही. एमआयटीत कुठलीही शाखा घे, अगदी अर्थशास्त्र किंवा संगीत घेतलंस तरी, कॅल्क्युलसच्या दोन टर्म, फिजिक्सच्या दोन टर्म, एक केमिस्ट्री आणि एक बायोलॉजी प्रत्येकाला करावीच लागते. त्यामुळं अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की ही मुलगी हा भार पेलेल का. फिजिक्स ५८ आणि केमिस्ट्री ५४ दिसले की तो प्रश्न जास्तच येणार. मॅथ्सचे ८१ त्याचं थोडं उत्तर देतात, पुरतं नाही.

पण तिथं कट-ऑफ नाही. हे तुला नुसतं वाचून पटणार नाही, कारण तू लातूरची आहेस. ज्या गावात एका पॉइंटवरून पेढे वाटायचे की दारं लावून बसायचं हे ठरतं, जिथं निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत फोटो आणि टक्केवारीचे फलक लागतात, तिथं वाढलेल्या मुलीला कट-ऑफ नसलेला प्रवेश कसा असतो हे डोळ्यांपुढे आणणंच अवघड. ते लोक अर्ज वाचतात. म्हणजे खरंच बसून वाचतात. ही मुलगी कुठल्या कॉलेजात आहे, तिथं काय शिकायला मिळतं, मिळालं त्यातून तिनं काय केलं, हे बघतात. पण केंब्रिज-मॅसॅच्युसेट्सला बसलेल्या माणसाला तुझं कॉलेज कुठून माहीत असणार? ते त्याला सांगावं लागतं. त्यासाठी अर्जाबरोबर कॉलेजचा एक अहवाल जातो. तिकडे तो समुपदेशक भरतो. आपल्याकडे हे पद बहुतेक ठिकाणी नसतंच, तेव्हा प्राचार्य किंवा उपप्राचार्य भरू शकतात. वर्गात मुलं किती, मार्क कसे दिले जातात, तू त्यात कुठे बसतेस, हे त्यात येतं.

इथं मला तुझ्या पत्रात एक आकडा सापडला नाही. अकरावीला तुमच्या वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला किती होते? आमच्याकडे काही वर्षं अकरावीचे पेपर इतके कडक तपासले जायचे की पहिल्याला ८२ पडायचे, आणि पलीकडच्या कॉलेजात त्याच वर्षी सरसकट ९० असायचे. पहिल्याला ८३ असतील तर तुझ्या ७१ चा अर्थ एक, ९६ असतील तर दुसरा. उद्या जाऊन विचार. टाय-अपच्या कॉलेजांत अकरावीची परीक्षा उरकल्यासारखी होते, कुणीच मनावर घेत नाही, हेही मला माहीत आहे. तसं असेल तर ते प्राचार्यांनी अहवालात सरळ लिहावं, की आमच्याकडची बरीच मुलं अकरावीला प्रवेशपरीक्षेच्या तयारीत असतात आणि त्याचा परिणाम कॉलेजच्या मार्कांवर होतो. ते खरं आहे, आणि खरं लिहायला त्यांची ना नसावी.

पण खरं सांगू, मला ७१ पेक्षा तुझी दुसरीच ओळ जास्त टोचली. 'तिथं फक्त परीक्षेला जाते.' ही ओळ तू सहज लिहून गेलीस, कारण तुझ्या सगळ्या मैत्रिणी तेच करतात. एमआयटीच्या अर्जाला दोन शिक्षकांची पत्रं लागतात. एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या. आता सांग, तुला ओळखणारे शिक्षक कोण? क्लासचे सर मोठ्या हॉलमध्ये माईकवर शिकवतात, त्यांना तुझा टेस्टमधला रँक ठाऊक असेल. कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडमनी तुझा चेहरा तरी नीट पाहिलाय का? हा दोष मी तुझ्या पदरात टाकत नाही. मुलांची दोन वर्षं कागदावर एका जागी आणि प्रत्यक्षात दुसऱ्या जागी घालवायची ही रीत आम्ही मोठ्यांनी पाडली. त्यात हजेरीपटाखेरीज काय काय बुडतं हे आम्ही बघितलं नाही. एका मुलीला सोळाव्या-सतराव्या वर्षी तिचं काम रोज बघणारा एकही शिक्षक नसावा, याचा मला मनापासून राग येतो. ७१ टक्क्यांवर उत्तर आहे. 'ही मुलगी कोण, मला माहीत नाही' यावर नाही.

ते अजून सुधारता येतं. ऑगस्ट चालू आहे. आठवड्यातून दोन दिवस प्रॅक्टिकलला कॉलेजात जा. क्लासचे तेवढे तास बुडाले तर बुडू देत. मीटर ब्रिज आणि सोनोमीटर स्वतःच्या हातानं लाव, आयतं जर्नल उतरवून काढू नकोस. आणि एक दिवस ते विहिरीचं यंत्र पिशवीत घालून ने आणि मॅडमना दाखव. मी तिथं असते तर तुला पहिला प्रश्न हा विचारला असता: सेन्सर अल्ट्रासोनिक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, असेल तर आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो हे तू धरलंयस का? एका अंशाला सेकंदामागे साधारण ०.६ मीटर. हवेच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला तर वेग साडेतीन टक्क्यांनी बदलतो, म्हणजे पाणी चार मीटर खाली असताना १४ सेंटिमीटरची चूक. विहिरीच्या आत हवा गार असते, तिथं फरक कमी पडेल, पण किती कमी? मोजलंस का? चार दिवस या प्रश्नाच्या मागे लागून तू उत्तर घेऊन आलीस, की तुझ्या मॅडमकडे तुझ्याबद्दल लिहायला काहीतरी तयार होतं. चांगली शिफारसपत्रं अशीच तयार होतात. 'ही विद्यार्थिनी अत्यंत हुशार व मेहनती आहे' या वाक्याला तिथं काही किंमत नाही, तसं प्रत्येकाच्या पत्रात असतं.

आणि मॅडम किंवा सर म्हणाले की 'तूच लिहून आण, मी सही करते', तर काय करायचं हेही आत्ताच ठरवून ठेव, कारण बहुतेक जण तसंच म्हणतात. त्यांना वेळ नसतो, शिवाय आपलं इंग्रजी बरोबर नसेल ही धास्ती असते. तू पत्र लिहू नकोस. एका कागदावर मराठीत मुद्दे लिहून दे: कधी काय केलं, कुठे अडलं, तुम्ही काय विचारलंत, मी काय उत्तर आणलं. आणि सांग, 'मॅडम, इंग्रजी साधं असलं तरी चालतं, पण तुमचं हवं.' भाषेच्या पत्रासाठी बारावीच्या इंग्रजीच्या सरांची ओळख नसेल तर शाळेत जा. दहावीपर्यंत तू सेमी-इंग्रजीत असशील तर तुझ्या मराठीच्या बाईंना तू अजून आठवत असशील. मला माझ्या कितीतरी मुली वहीतल्या अक्षरावरून आठवतात.

आता आजीचं. सांगायचं का? सांगायचं, पण पुरतं सांगायचं. आजी दिवाळीनंतर आजारी पडली असं तू लिहिलंस. सहामाही दिवाळीच्या आधी होते. तेव्हा तुला किती होते? ते तू मला लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं का नाही ते मी ओळखलंय. सहामाहीलाही कमीच असतील, तर सगळं आजीच्या नावावर घालणं तुलाच आतून खटकत असणार. झोप न लागायचं एक कारण तेही असेल. मग दोन्ही लिही. अर्जात जास्तीची माहिती द्यायला जागा असते. तिथं पाच-सहा वाक्यं पुरतात. मराठीत अशी होतील: अकरावीला मी कॉलेजच्या परीक्षा मनावर घेतल्या नाहीत, कारण आमच्याकडच्या प्रवेशपरीक्षांना ते मार्क धरत नाहीत आणि मी सगळा वेळ त्या तयारीला दिला. नोव्हेंबरात आजीला अर्धांगवायू झाला. आई दोन महिने दुसऱ्या गावी दवाखान्यात होती, तेव्हा स्वयंपाक आणि भावाची शाळा माझ्याकडे होती. वार्षिक परीक्षेवर त्याचा परिणाम झाला. बारावीच्या सहामाहीला मला अमुक मार्क मिळाले. एवढंच. रडायचं नाही, माफी मागायची नाही. आजारपणाची बाजू प्राचार्यांच्या अहवालातही एका ओळीत आली तर बरं, म्हणजे ते फक्त तुझ्या तोंडचं राहत नाही.

त्या घरकामाचं आणखी एक. एमआयटीच्या फॉर्मवर अभ्यासाबाहेरच्या कामांना फक्त चार जागा असतात. आपल्याकडे मुलं बावीस सर्टिफिकेटं जमवून बसतात, म्हणून मला ही चारची मर्यादा फार आवडते. पहिल्या जागेवर विहिरी. दुसरीवर निःसंकोच लिही की दोन महिने घर चालवलं. स्वयंपाक, दळण, भावाला डबा, रोज संध्याकाळी सोलापूरला फोन. तिथं हे काम म्हणूनच वाचलं जातं. उरलेल्या दोन जागा भरण्यासारखं काही नसेल तर मोकळ्या राहू देत.

विहिरींबद्दल लिहिताना मात्र हात आखडू नकोस. निबंधाच्या जागी पाच छोटे प्रश्न असतात, साधारण दोनशे शब्दांच्या आतबाहेर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा तू आठेक वर्षांची असशील. ते तुला आठवतं का? घागरींच्या रांगेत उभी होतीस का, की नुसतं ऐकलंस? जे असेल तेच लिही. अकरा विहिरींपैकी कुठली आधी आटते, त्या शेताच्या मालकानं यंत्र लावायला आधी नाही म्हटलं होतं का, शेजारी नवी बोअर पडल्यावर पातळी किती दिवसांत उतरली, हे तुझ्याखेरीज कुणालाच माहीत नाही. एजंटाकडून इंग्रजी घासूनपुसून घेशील तर हेच सगळं निघून जाईल आणि मागे गुळगुळीत निबंध उरेल.

कधी अर्ज करायचा ते तुझ्या बाबतीत स्पष्ट आहे. लवकरची मुदत १ नोव्हेंबरला संपते, नेहमीची जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. लवकर केल्यानं पारडं जड होत नाही असं ते स्वतःच सांगतात. तू जानेवारीत कर, कारण तोवर तुझ्या हातात बारावीच्या सहामाहीचे मार्क असतील आणि वर सांगितलेल्या त्या शेवटच्या वाक्यात आकडा भरता येईल. सध्या तुझा सगळ्यांत मोठा आधार तोच आहे. फिजिक्स-केमिस्ट्री ५० च्या घरातून ८० च्या पुढे गेले तर वाचणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नाला उत्तर मिळतं. म्हणून येते दहा आठवडे क्लासच्या टेस्टइतकीच सहामाही मनावर घे. व्याख्या लिही, आकृत्या काढ, केमिस्ट्रीची समीकरणं पूर्ण लिही. जेईईच्या मुलांना उत्तर येतं, पण ते लिहून दाखवायची सवय गेलेली असते, आणि तुझे ५४ बहुधा तिथंच पडलेत. पुढे फेब्रुवारीत एक छोटा फॉर्म असतो, त्यात मधल्या काळातले मार्क कळवायचे असतात. जेईई मेनचा जानेवारीचा निकाल वेळेत लागला तर तोही तिथं लिहिता येईल.

सॅट ही अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेशपरीक्षा (किंवा तिच्याऐवजी एसीटी) द्यावीच लागेल. करोनाच्या काळात त्यांनी ती ऐच्छिक केली होती, पण २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. कारण असं दिलं की, जिथल्या शाळांची त्यांना माहिती नाही किंवा जिथं मोठे अभ्यासक्रम मिळत नाहीत, तिथल्या मुलांची गणिताची तयारी या परीक्षेतून कळते. ते तुझ्यासारखीलाच लागू पडतं. परीक्षा आता संगणकावर असते, सव्वादोन तासांच्या आत संपते, १६०० पैकी ८०० गणिताला. गणित तुला सोपं वाटेल, पण गाफील राहू नकोस, एकेक चूक महाग पडते. कसोटी लागेल ती इंग्रजी वाचनात. रोज अर्धा तास इंग्रजी वाचायला आजपासून लाग, विज्ञानाचं काहीही. केंद्र लातूरला मिळेल असं धरून चालू नकोस. पुणे किंवा हैदराबादची तयारी ठेव, आणि डिसेंबरची वाट न बघता ऑक्टोबर-नोव्हेंबरची तारीख घे, म्हणजे गरज पडली तर एक संधी उरते.

पैशांचं तू विचारलं नाहीस, पण बाबांच्या मनात तेच असणार. तिथला वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार डॉलरच्या वर आहे, हा आकडा बघून पुष्कळ पालक अर्जाचा विचारच सोडून देतात. पण एमआयटी परदेशी मुलांचाही अर्ज पैशांकडे न बघता वाचते, आणि निवड झाली तर कुटुंबाला जेवढं झेपत नाही तेवढं सगळं देते. २०२५ च्या सत्रापासून वर्षाला दोन लाख डॉलरच्या आत उत्पन्न असलेल्या बहुतेक घरांना ट्यूशन फी पडत नाही. एक लाख डॉलरच्या आत असेल तर राहण्या-जेवणाचाही भार सहसा येत नाही. अर्जाची ७५ डॉलर फी जड असेल तर तीही माफ करून मागता येते. बाबांनी आत्ता करायचं ते एवढंच, की प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि उत्पन्नाचे कागद एका फाइलीत लावून ठेवायचे. मार्कशीटवाल्या गृहस्थांकडे जायचा वेळ या कामी लागू दे.

आता अर्ज करू का, याचं उत्तर. कर. पण आकडा डोळ्यांसमोर ठेवून कर. २०२४ च्या प्रवेशाला २८,२३२ अर्ज आले आणि १,२८४ जणांना होकार गेला, शंभरातल्या साडेचार जणांना. परदेशी मुलांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी असतं. ज्यांना नकार गेला त्यांतल्या पुष्कळ जणांना तो अभ्यास सहज झेपला असता. अकरावीला तुला ९५ असते तरीही नकार येण्याचीच शक्यता जास्त होती. म्हणून उद्या नकार आला तर तो ७१ मुळं आला असं तू ठरवून टाकशील, आणि आई ठरवेल की तो तिच्यामुळं आला. हे दोन्ही मी आत्ताच नाकारून ठेवते.

नातेवाईक तुला २०१६ ची गोष्ट सांगतील, की मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीचं सर्टिफिकेट नसताना एमआयटीनं घेतलं. ती गोष्ट खरी आहे. पण तिच्याजवळ आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स (संगणक प्रोग्रॅमिंगच्या) ऑलिंपियाडची तीन पदकं होती, हे सांगायला लोक विसरतात. तिचा कागद कोरा नव्हता, त्यावर दुसरं काही लिहिलेलं होतं. तुझ्या कागदावर विहिरी आहेत. त्या पदकांच्या तोलाच्या आहेत का, ते मी सांगू शकत नाही. त्या तुझ्या आहेत आणि तू दोन वर्षं मोजल्या आहेत, एवढं मला दिसतं.

बाकीची दारं उघडी ठेव. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ यांचंही परदेशी मुलांसाठी पैशांचं धोरण असंच आहे, त्यांतल्या एक-दोन ठिकाणी कर. आणि इथलं सोडू नकोस. आयआयटी अकरावी बघतच नाही. तिथं जेईई आणि बारावीला ७५ टक्के, आरक्षणाप्रमाणे ६५, किंवा बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं एवढंच लागतं. पुण्याच्या आयसरला, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेला, वेगळी अभियोग्यता चाचणी असते. गणित मनापासून आवडत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेशपरीक्षा दे. पाण्याचं काम करायचं असेल तर आयसरचा विचार मी तुझ्या जागी फार गंभीरपणे केला असता, दुसरा पर्याय म्हणून नव्हे.

तुझ्या आईला हा परिच्छेद वाचून दाखव. ताई, तुमच्या सासूबाईंना किंवा आईंना, पत्रात ते कळत नाही, झटका आला तेव्हा तुम्ही त्यांच्या उशाशी होता. तिथंच असायला हवं होतं. मागे घर सांभाळणारी मुलगी तुम्ही आधीच तयार केली होती, म्हणून तुम्हाला जाता आलं. 'माझ्यामुळं झालं' हे वाक्य तिच्यासमोर पुन्हा म्हणू नका. तुमचं ते दुःख असतं, पण तिच्या कानाला ते ऐकू येतं 'तुझं वाया गेलं' असं.

निकाल १४ मार्चला लागतो, ३.१४ म्हणून गणितातल्या पायचा (π) दिवस. गेली काही वर्षं त्यांच्याकडे संध्याकाळी ६.२८ ला जाहीर करतात, म्हणजे आपल्याकडे १५ तारखेची पहाट, ३ वाजून ५८ मिनिटं. तेव्हा तुझी बोर्डाची परीक्षा संपत आलेली असेल किंवा एखादा पेपर उरलेला असेल. वेळापत्रक हातात आलं की बघ, आणि १५ ला किंवा १६ ला पेपर असेल तर तो देऊन आल्याशिवाय संकेतस्थळ उघडायचं नाही, असं घरात आत्ताच ठरवा. बाबांनाही उघडू देऊ नकोस.

सहामाहीचे मार्क आले की मला कळव. त्या पाच-सहा वाक्यांचा मसुदा घटस्थापनेपर्यंत पाठवलास तर मी बघून देईन, पण भाषा तुझीच ठेवीन. आणि त्या सेन्सरच्या तापमानाचं काय निघालं तेही लिही. सकाळ-दुपारचे आकडे वेगवेगळे पाठव, कुठल्या विहिरीचे ते नावानिशी.